पुन्हा वापरायच्या साधनांचे निर्जंतुकीकरण: पाचगणीतील छोट्या टॅटू-पियर्सिंग स्टुडिओसाठी सल्ला हवा आहे

शाईवाला (धागाकर्ता)

नमस्कार. पाचगणीत टॅटू आणि पियर्सिंगचा एक छोटा स्टुडिओ दिवाळीच्या हंगामापूर्वी सुरू करण्याची तयारी चालली आहे. सुया, कार्ट्रिज (सुई आत बसवलेली तयार टोके), शाईच्या टोप्या आणि हातमोजे एकदा वापरून टाकून द्यायचे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. प्रश्न आहे तो पुन्हा वापरात येणाऱ्या धातूच्या वस्तूंचा, म्हणजे स्टीलच्या ग्रिप व त्यांत बसणाऱ्या नळ्या, पियर्सिंगच्या वेळी त्वचा धरून ठेवणारे क्लॅम्प, रिंग उघडण्या-मिटण्याचे चिमटे, टेपर (दागिना छिद्रात सरकवण्याच्या निमुळत्या सळया) आणि ग्राहकाला घालायचे टायटॅनियमचे दागिने यांचा.

माझ्याकडे कुकरच्या घाटाचे, विजेवर चालणारे उभे ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालच्या वाफेने साधने निर्जंतुक करणारे यंत्र आहे. त्याच्या झाकणावर दाबाचे गेज, सुरक्षा-व्हॉल्व्ह आणि वाफ सोडण्याची तोटी आहे. तापमापक नाही आणि वाळवणीची सोयही नाही. काटा १५ पीएसआयवर (पीएसआय हे दाबाचे एकक) आला की वीस मिनिटे मोजावीत, एवढीच सूचना विक्रेत्याने दिली, आणि त्याच बैठकीत निळ्या दिव्याचे यूव्ही (अतिनील किरणांचे) कपाट व कान टोचण्याची प्लास्टिकची गनही घ्यावी असा आग्रह धरला. हे ऑटोक्लेव्ह माझ्या कामाला पुरेसे आहे, की दंतवैद्य वापरतात ते क्लास बी प्रकारचे यंत्र घ्यावे लागेल? यूव्ही कपाटाने नेमके काय साधते? यंत्राने आतले काम खरोखर केले आहे, हे बाहेरून कसे ओळखावे? शिवाय जून ते सप्टेंबर या काळात इथे हवा इतकी दमट असते की कपाटातल्या पुठ्ठ्यालाही बुरशी धरते. अशा हवेत कागदी पाऊचमधील साधने किती दिवस निर्जंतुक राहतात?

जागेचे मालक मला हसतात. जत्रेत गोंदणारीने एकाच सुईने अर्ध्या गावाचे हात गोंदले, तेव्हा कोणाला काय झाले, असे ते विचारतात. त्यांना काय उत्तर द्यावे, हेही कोणी सांगितले तर बरे होईल.

निर्जंतुक_कक्ष

मी पुण्यातील एका रुग्णालयाच्या मध्यवर्ती निर्जंतुकीकरण विभागात काम करते. आपला प्रश्न यंत्राबद्दल आहे, परंतु उत्तराची सुरुवात यंत्राच्या आधी, सिंकपाशी करावी लागेल, कारण आमच्या विभागातही घोटाळे बहुधा तिथेच होतात. साधनावर रक्त, त्वचेचे कण किंवा शाईत मिसळलेले व्हॅसलीन वाळून बसले असेल, तर वाफ त्या थराखाली पोहोचत नाही आणि थराखालचे जंतू जिवंत राहतात. त्यामुळे जे साधन स्वच्छ झालेले नाही, ते निर्जंतुक होऊ शकत नाही, मग यंत्र लाखाचे असो की पाच हजारांचे.

काम संपताच साधने कोरडी पडू न देता झाकणाच्या डब्यात एन्झाइमयुक्त द्रावणात बुडवून ठेवावीत. पाणी कोमट असावे, पण ४५ अंशांच्या वर नसावे, कारण त्यापुढे रक्तातील प्रथिने गोठून धातूला चिकटतात. याच कारणाने आधी स्पिरिटमध्ये बुडवण्याची पद्धतही चुकीची आहे. अल्कोहोल प्रथिने घट्ट बसवते. ब्लीचच्या द्रावणाने स्टीलला बारीक खड्डे पडतात आणि पुढच्या वेळी घाण नेमकी त्या खड्ड्यांत साठते. घासताना साधन आणि ब्रश दोन्ही पाण्याखाली धरावेत, म्हणजे शिंतोडे उडत नाहीत. नळीच्या आतून तिच्या व्यासाचा ब्रश आरपार जायला हवा. आणि हातात तपासणीचे पातळ नव्हे, तर जाड रबरी हातमोजे असावेत.

अल्ट्रासॉनिक क्लीनर घेण्याचा विचार असेल तर तो यूव्ही कपाटाच्या पैशांत घ्यावा, असे मी सुचवीन. क्लॅम्पच्या बिजागरीत आणि दातऱ्यांत जिथे ब्रशचा केस शिरत नाही, तिथे त्याचे काम दिसते. तो चालू असताना झाकण बंद ठेवावे, कारण दूषित पाण्याचे सूक्ष्म तुषार हवेत उडतात, आणि द्रावण निदान रोज बदलावे. यंत्र नीट चालते की नाही हे पाहण्यासाठी स्वयंपाकघरातील ॲल्युमिनियम फॉइलचा तुकडा पाण्यात उभा धरावा. अर्ध्या मिनिटात त्यावर सगळीकडे सारखे टोचे पडायला हवेत. एखादा पट्टा गुळगुळीत राहिला, तर त्या भागात लहरी पोहोचत नाहीत, असे समजावे. धुतल्यानंतर साधन स्वच्छ पाण्याने खळखळून, पुसून, उजेडात भिंगाखाली पाहावे. बिजागरी उघडून पाहिल्याशिवाय क्लॅम्प पाऊचमध्ये जाता कामा नये.

आता यंत्राकडे वळू. लहान ऑटोक्लेव्हचे एन, एस आणि बी असे तीन वर्ग मानले जातात. एन वर्गात वाफ आतली हवा फक्त खाली ढकलून बाहेर काढते, तर बी वर्गात पंप आधी हवा खेचून घेतो आणि मगच वाफ सोडतो. आपले उभे यंत्र कामाच्या दृष्टीने एन वर्गाच्या जवळचे आहे. घन आणि उघड्या साधनांना ते चालते. पाऊचमध्ये बंद केलेल्या आणि पोकळ साधनांसाठी बी वर्ग योग्य, कारण अरुंद नळीत अडकलेली हवा वाफेला आत शिरू देत नाही. हवा अडकली तरी गेजचा काटा १५ वरच दिसतो, ही यातील खरी अडचण आहे. दाब हवा आणि वाफ दोघींचा मिळून असतो, पण जंतू मारते ती वाफ. म्हणून आपल्या यंत्रात तोटी उघडी ठेवून वाफेची अखंड, जोरकस धार किमान काही मिनिटे बाहेर पडू द्यावी आणि त्यानंतरच तोटी बंद करावी. पाऊचमधील साधनांसाठी १२१ अंशांना वीस नव्हे, तीस मिनिटे धरावीत, आणि तीही काटा जागेवर आल्यानंतरची.

पाऊच एकावर एक रचू नयेत. ताटाळ्यातल्या ताटांसारखे ते कडेवर उभे असावेत. क्लॅम्प उघड्या स्थितीत ठेवावा. यंत्रात डिस्टिल्ड पाणीच घालावे. फेरी संपल्यावर ओला निघालेला पाऊच निर्जंतुक धरू नये, कारण ओला कागद बाहेरचे जंतू वातीसारखे आत ओढतो. आपल्या यंत्राला वाळवणी नाही, ही माझ्या मते तापमापक नसण्यापेक्षाही मोठी उणीव आहे.

यूव्ही किरण फक्त समोरच्या पृष्ठभागावर काम करतात. चिमट्याची मागची बाजू, नळीचे पोट आणि बिजागरी त्यांच्या सावलीत राहतात. त्या कपाटाने दुप्पट निर्जंतुकीकरण होत नाही, एकपट सुद्धा होत नाही.

ठाण्याचा_गोंदणकार

वरील प्रतिसाद उत्तम आहे, पण मी वेगळी बाजू मांडतो. ज्या वस्तू पुन्हा वापरायच्याच नाहीत, त्यांना निर्जंतुक करण्याचा प्रश्न येत नाही. स्टीलच्या नळ्या हा माझ्या मते मागच्या पिढीचा सरंजाम आहे. पेन पद्धतीचे मशीन, मागे रबरी पडदा असलेली कार्ट्रिज आणि एकदाच वापरायची ग्रिप घेतली, की टॅटूच्या बाजूचे निम्म्याहून अधिक धुणे संपते. कार्ट्रिज स्वस्तातले घेऊ नये. पडदा नसलेल्या कार्ट्रिजमधून शाई आणि रक्त मागे सरकून मशीनच्या तोंडात जाते, आणि मशीनमध्ये मोटर असल्याने ते ऑटोक्लेव्हमध्ये घालता येत नाही. म्हणून मशीनवर आणि वायरवर प्रत्येक ग्राहकासाठी नवीन प्लास्टिकचे आवरण चढवावे, ते काढल्यानंतर मशीन जंतुनाशकाने पुसावे, आणि ते द्रावण बाटलीवर लिहिलेल्या वेळेपर्यंत ओले राहू द्यावे. फवारले आणि लगेच पुसून टाकले, तर फक्त वास बदलतो.

गनबद्दल तर बोलायलाच नको. सोनाराने कान टोचावे म्हणतात, ते निदान हाताचे काम होते. प्लास्टिकची गन ऑटोक्लेव्हच्या तापमानाला वितळते, म्हणजे ती निर्जंतुक करण्याचा मार्गच नाही, आणि बोथट खिळा स्प्रिंगच्या जोराने कूर्चेत घुसवल्याने जखम चिरडल्यासारखी होते. अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात २००० साली एका स्टॉलवर कानाच्या वरच्या भागाचे पियर्सिंग करून घेतलेल्या लोकांना स्यूडोमोनास जंतूंचा संसर्ग झाला. शोध घेतला तेव्हा ज्या जंतुनाशकाच्या बाटलीतून फवारा मारला जात होता, तीच दूषित निघाली. बाटलीत उरलेल्या द्रावणावर नवीन द्रावण ओतण्याची सवय आपल्याकडेही सर्रास दिसते. बाटली रिकामी करून, धुऊन, वाळवूनच पुन्हा भरावी.

आणखी एक, जरा बाजूचे. डिस्टिल्ड पाणी ऑटोक्लेव्हसाठी योग्य आहे, शाई पातळ करण्यासाठी नाही. डिस्टिल्ड म्हणजे क्षारमुक्त, निर्जंतुक नव्हे. न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे २०११-१२ मध्ये कारखान्यातच पातळ करून आलेल्या करड्या शाईतून मायकोबॅक्टेरियम केलोनी या जंतूचा संसर्ग पसरला होता, आणि संशयाचे बोट पाण्याकडेच होते.

निर्जंतुक_कक्ष

नळ्यांच्या बाबतीत मी आपल्याशी सहमत आहे, परंतु यावरून ऑटोक्लेव्ह नको असा अर्थ कोणी काढू नये. पियर्सिंगमध्ये दागिना ताज्या जखमेत बसतो आणि काही महिने तिथेच राहतो, म्हणजे सुईइतकाच तोही निर्जंतुक असायला हवा. अर्ल स्पॉल्डिंग यांनी केलेल्या वैद्यकीय साधनांच्या वर्गीकरणात शरीराच्या निर्जंतुक भागात शिरणारी प्रत्येक वस्तू पहिल्या, म्हणजे सर्वाधिक दक्षतेच्या वर्गात मोडते. टायटॅनियम वाफेत टिकते. ॲक्रिलिकचे दागिने टिकत नाहीत, म्हणून ते नव्या छिद्रात घालूच नयेत. एकदाच वापरायचे निर्जंतुक क्लॅम्पही मिळतात, पण त्यांच्या पाकिटावरील मुदत आणि शिवण पाहिल्याशिवाय घेऊ नयेत.

धागाकर्त्यांनी नळ्या सोडून दिल्या, तर बी वर्गाच्या यंत्राची निकड कमी होते. तरीही पाऊचमधून काम करायचे असल्याने, पैसे जमतील तेव्हा वाळवणी आणि फेरीची नोंद छापण्याची सोय असलेले यंत्र घ्यावे, हे माझे मत कायम आहे.

सूक्ष्मजीवशास्त्राचा_मास्तर

आतापर्यंत कोणी पाचगणीच्या उंचीचा उल्लेख केला नाही, म्हणून लिहितो. गेज आतला आणि बाहेरचा दाब यांतील फरक दाखवते. समुद्रसपाटीला बाहेरचा दाब सुमारे १०१ किलोपास्कल असतो आणि त्यावर १५ पीएसआयची भर पडली की वाफ १२१ अंशांवर येते. पाचगणी सुमारे १३०० मीटरवर आहे. तिथे बाहेरचा दाब ८६-८७ किलोपास्कलच्या आसपास राहतो. काटा तोच १५ दाखवील, पण आतली वाफ ११९ अंशांपर्यंतही पोहोचणार नाही. दोन-अडीच अंश ऐकायला क्षुल्लक वाटतात. मात्र बीजाणू (काही जीवाणूंचे उष्णतेला चिवट, सुप्त रूप) मरण्याचा वेग दर १० अंशांना साधारण दहापट बदलतो, म्हणजे या फरकाने तो जवळपास निम्म्यावर येतो. १२१ अंश गाठायला तिथे गेजवर १७ पीएसआय लागतील. ज्या यंत्रात दाबाऐवजी तापमान मोजून फेरी चालवली जाते, तिथे हा प्रश्न आपोआप सुटतो. विक्रेत्याची वीस मिनिटे मुंबईच्या हवेत बंद न केलेल्या साधनांना एक वेळ चालतील, पाचगणीत पाऊचला नाहीत.

काम झाले की नाही हे ओळखण्याच्या तीन पायऱ्या आहेत आणि त्या एकमेकींची जागा घेत नाहीत. पाऊचवरची किंवा टेपवरची रंग बदलणारी रेघ एवढेच सांगते की हे पाकीट यंत्रात जाऊन आले. न गेलेल्या पाकिटापासून ते वेगळे काढता यावे, यासाठी ती असते. तिच्या भरवशावर निर्जंतुक म्हणणे चूक. पाऊचच्या आत ठेवायची टाइप ५ची पट्टी तापमान, वेळ आणि वाफ या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच निकालाच्या खुणेपर्यंत सरकते. प्रत्येक फेरीत, जिथे वाफ पोहोचणे सर्वांत अवघड वाटते त्या पाकिटात, ती एक असावी. तिसरी आणि खरी परीक्षा म्हणजे स्पोअर टेस्ट. जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस या जीवाणूचे बीजाणू वाफेला फार चिवट असतात. ते भरलेली कुपी भरगच्च फेरीच्या मध्यभागी ठेवायची, नंतर ५५ ते ६० अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये उबवायची आणि त्याच लॉटमधील, यंत्रात न घातलेली दुसरी कुपी शेजारी ठेवायची. नेहमीच्या कुप्यांतील द्रव जांभळा असतो. न घातलेली कुपी पिवळी व्हायला हवी आणि घातलेली जांभळीच राहायला हवी. दोन्ही जांभळ्या राहिल्या, तर आनंद मानू नये: बीजाणू मुळातच मेलेले होते आणि परीक्षा झालीच नाही. रुग्णालये ही चाचणी निदान आठवड्याला करतात. आपण सुरुवातीला प्रत्येक फेरीत, घडी बसल्यावर आठवड्याला आणि कमी वर्दळीच्या काळात किमान महिन्याला करावी. कुप्या उबवून देण्याबद्दल साताऱ्यातील किंवा पुण्यातील एखाद्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेशी बोलून पाहावे.

आपल्या मालकांच्या प्रश्नाचे उत्तर असे, की कोणाला काय झाले हे कोणी पाहिलेच नाही. हिपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तात सात दिवस तरी तग धरतो. हिपॅटायटिस सी बहुतेकांच्या शरीरात वर्षानुवर्षे गुपचूप राहतो. वीस वर्षांनी कोणाचे यकृत निकामी झाले, तेव्हा त्याचा संबंध जत्रेतल्या गोंदणाशी जोडायला कोण जाणार? या निमित्ताने आपण स्वतः हिपॅटायटिस बीची लस घेतली नसेल तर ती सुरू करावी. शून्य, एक आणि सहा महिने असे तिचे तीन डोस असतात.

कार्डिफकर

मी मूळचा साताऱ्याचा, आता वेल्समध्ये असतो. इथे २०१५ मध्ये न्यूपोर्टमधील एका स्टुडिओत पियर्सिंग केलेल्या काही ग्राहकांना गंभीर संसर्ग झाल्यावर आरोग्य खात्याने शेकडो लोकांना रक्ततपासणीसाठी बोलावले होते. २९ नोव्हेंबर २०२४पासून टॅटू, पियर्सिंग, ॲक्युपंक्चर आणि इलेक्ट्रोलिसिस करणाऱ्यांना परवाना व जागेला वेगळी मान्यता सक्तीची झाली आहे, आणि परवान्याआधी संसर्ग-प्रतिबंधाची छोटी परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. इथल्या स्टुडिओत पाहण्यासारखी एक गोष्ट म्हणजे ऑटोक्लेव्हशेजारची वही. फेरीचा क्रमांक, तारीख, वेळ, तापमान, आत काय होते, पट्टीचा निकाल आणि सही एवढे तिच्यात असते, आणि ग्राहकाच्या संमतिपत्रावर पाऊचचा क्रमांक चिकटवलेला असतो. आपल्याकडे कोणी मागितली नाही तरी अशी वही ठेवायला काहीच हरकत नाही.

शाईवाला (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. गन आणि यूव्ही कपाट यांचा विचार सोडला, नळ्यांऐवजी कार्ट्रिज वापरणार. तीन शंका उरल्या. व्हॉल्व्हचे वजन बदलून दाब १७ पीएसआयपर्यंत नेता येईल का? फेरीच्या मध्येच वीज गेली तर राहिलेली मिनिटे नंतर मोजावीत का? आणि पावसाळ्यातल्या पाऊचचे काय?

सूक्ष्मजीवशास्त्राचा_मास्तर

व्हॉल्व्हला हात लावू नये. तो भांड्याच्या ताकदीनुसार बसवलेला असतो आणि त्यात फेरफार केलेले ऑटोक्लेव्ह फुटू शकते. उत्पादकाने लेखी सांगितले तरच दाब वाढवावा. अन्यथा वेळ वाढवावा. हिशेबाने तीस मिनिटांच्या जागी पन्नासएक मिनिटे येतात, परंतु हा आकडा स्पोअर टेस्टने आपल्याच यंत्रात पडताळल्याशिवाय वापरात आणू नये. वीज गेली तर फेरी रद्द समजावी आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे. मिनिटांची बेरीज चालत नाही. पाऊच ओले झाले असतील तर ते फाडून नवीन घ्यावेत.

निर्जंतुक_कक्ष

साठवणीबद्दल मी लिहिते. पाऊच अमुक दिवसांनी खराब होतो असे नसते. तो भिजला, फाटला, दुमडला किंवा त्याची शिवण सुटली की खराब होतो. पाचगणीच्या पावसात भिजायला नळ लागत नाही. पूर्ण वाळलेले आणि थंड झालेले पाऊच घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावेत. डबा बाहेरच्या भिंतीला किंवा फरशीला टेकलेला नसावा, आणि पुड्यांचा रंग उतरला की त्या बदलाव्यात. गरम पाऊच डब्यात भरले तर आतच घाम धरतो. जुलै-ऑगस्टमध्ये मोठा साठा करूच नये. दोन-तीन दिवसांच्या भेटींपुरते बांधावे. हाताला पाऊच मऊ, सादळलेल्या पापडासारखा लागला, तर तो पुन्हा धुण्या-बांधण्याच्या रांगेत टाकावा.

तारीख आणि फेरीचा क्रमांक कागदावर बॉलपेनने न लिहिता पारदर्शक बाजूला, शिवणीच्या बाहेरच्या पट्टीवर मार्करने लिहावा. याचा उपयोग स्पोअर टेस्ट फसते त्या दिवशी कळतो. अशा वेळी यंत्र बंद करून, मागच्या उत्तीर्ण चाचणीनंतरच्या सर्व फेऱ्यांतील न वापरलेले पाऊच परत काढायचे असतात, आणि वापरले गेलेले कोणाला लागले हे वहीतून शोधून त्या ग्राहकांना कळवायचे असते. क्रमांक नसतील, तर डब्यातला प्रत्येक पाऊच फाडावा लागतो आणि त्या काळात आलेल्या प्रत्येक ग्राहकाला फोन करावा लागतो.